नांगर वळतो ती जागा: वावरातल्या समाध्यांचा इतिहास कसा वाचावा

आमच्या वावरात पश्चिमेच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, ट्रॅक्टर दर वर्षी एका ठिकाणी वळतो. ट्रॅक्टर भाड्याचा, चालवणारा दर वर्षी वेगळा. त्याला कोणी काही सांगत नाही. समोर पांढरा चाफा, त्याखाली ओळीनं सात चौथरे, बाजूला दोन-तीन नुसतेच उभे केलेले दगड आणि भोवती गुडघाभर तरोटा दिसला की तो आपणच स्टिअरिंग फिरवतो. ट्रॅक्टरच्या आधी बैल वळत होते. सातबाऱ्यावर या जागेचं नाव नाही, आकडा आहे: पोटखराब (लागवडीखाली न धरलेला तुकडा) 0.04. म्हणजे चार आर, ढोबळमानानं चार गुंठे.

मागच्या दिवाळीत पुतण्यानं विचारलं, "काका, हे सगळे कोण होते?" मला दोन नावं सांगता आली. ऐंशी ओलांडलेल्या काकाजींना चार. उरलेल्या तीन चौथऱ्यांपुढे आम्ही तिघंही गप्प. आपलेच आहेत, एवढंच माहीत.

नागपूर जिल्ह्यात काटोल, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, कुठल्याही बाजूला गावात शिरा, कोणाच्या ना कोणाच्या वावरात अशी जागा सापडतेच. कोणी तिला समाधी म्हणतं, कोणी मठ, कोणी नुसतंच 'बुढ्यांची जागा'. घराण्याचा इतिहास म्हटलं की आपण भाटांच्या वह्या नाहीतर म्हाताऱ्यांच्या आठवणी शोधतो. या चार आरातही बरंच काही लिहिलेलं असतं, फक्त ते अक्षरांत कमी आणि माती, दगड, सरकारी दप्तर यांत जास्त. ते कसं वाचायचं, ते या तीन चौथऱ्यांच्या निमित्तानं मांडतो.

आधी हे की, का पुरलं?

हिंदू घर म्हणजे दहन, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की वावरातली समाधी दिसली की लोकांना वाटतं, कोणी मोठा साधू असेल. बहुतेक वेळा तो साधू नसतो, कोणाचा तरी आजोबा असतो.

आम्ही घरबारी, म्हणजे संसारी, गोसावी. दशनामी संन्याशांच्या दहा नावांपैकी (गिरी, पुरी, भारती, वन, अरण्य, पर्वत, सागर, तीर्थ, आश्रम, सरस्वती) एखादं आडनावाला चिकटलेलं. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच उरकतो आणि अग्नीचा त्याग करतो. ज्यानं जिवंतपणी अग्नी सोडला त्याला मेल्यावर अग्नी कसा द्यायचा? म्हणून संन्याशाला पुरतात, तेही आडवं नाही, मांडी घालून बसवून. पुढे यातले कित्येक गोसावी संसारी झाले. भोसल्यांच्या काळात नागपुरात सावकारी करणारे, व्यापार करणारे गोसावी होते. बायका-मुलं आली, वावरं आली. संन्यास गेला पण बसवून पुरण्याची रीत राहिली, घरच्या बायकांसाठीही. प्रेत नेतानाही बसलेलंच नेतात. तिरडी नसते, डोलीसारखं काहीतरी बांधतात. खड्ड्यात मीठ घालतात, कारण मीठ ओल ओढून घेतं.

नाथपंथी आणि लिंगायतही बसवूनच पुरतात. महानुभावांमध्ये दफन आहे. गोंडांमध्ये ते जुनं आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती तर आहेतच. आणि जी घरं जाळतात ती तरी सगळ्यांना कुठे जाळतात? दात न आलेलं लेकरू पुरायचं, हे सगळीकडे होतं. पूर्वी देवीच्या रोगानं मेलेल्यालाही बऱ्याच ठिकाणी पुरत. त्यामुळे एखाद्या कुणब्याच्या किंवा तेल्याच्या धुऱ्यावर चार छोटे दगड दिसले तर ते घराणं 'मूळचं वेगळं' होतं अशी गोष्ट लगेच रचू नये. बहुतेक ती लेकरं असतात.

जुन्या जागेवर गेलं की आकार बघावा. बसवून पुरलेल्याचा चौथरा चौकोनी आणि आटोपशीर असतो, कारण खालचा खड्डा लांबट नसतो, विहिरीसारखा खोल असतो. आडवं पुरलेल्याची जागा लांबट, आणि लांबी कुठल्या दिशेला हे समाजागणिक ठरलेलं. आमचे सातही चौथरे चौकोनी. त्यात दोन अगदी लहान, हात-सव्वा हाताचे. त्यांच्याबद्दल पुढे येतं.

बरडावरच का

नागपूर शहर एका मोठ्या सांध्यावर बसलं आहे. शहराच्या पश्चिमेला ज्वालामुखीचा काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक, आणि कामठीच्या अंगाला वालुकाश्म. समाधीचा दगड बहुधा पाच-सात कोसांतलाच असतो, बैलगाडीनं त्याहून लांबून कोण आणणार? म्हणून काळ्या पाषाणाच्या मुलखात एखादा तांबूस-पिवळा वालुकाश्म उभा दिसला तर थांबावं. कोणीतरी मुद्दाम खर्च केला आहे. त्या माणसाचा घरात मान होता, किंवा घरात त्या वर्षी पैसा होता.

माती तर त्याहूनही जास्त सांगते. इंग्रजांच्या बंदोबस्तात, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या कामात, इथल्या जमिनीच्या प्रती (दर्जे) लिहिल्या गेल्या, आणि ते शब्द अजून तोंडात आहेत: काळी, कन्हार, मोरंड, खरडी, बरडी. काळी-कन्हार म्हणजे कापसाची, गव्हाची श्रीमंत माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. तिच्यात दगड उभा केला तर पाच-दहा वर्षांत तो दारू प्यायल्यासारखा कलतो. बरडी म्हणजे पातळ, मुरमाड, तीळ-तूर कशीबशी देणारी. तिच्यात खणायला जीव जातो, पण खणलेलं टिकतं, पाणी साचत नाही, चौथरा बसत नाही.

म्हणून म्हणतात की बापजाद्यांनी विचार करून बरडावर जागा धरली: पीकही बुडालं नाही आणि समाधीही टिकली. मीही हेच सांगत असे.

मग जुनापाणीला गेलो. काटोल रोडनं शहराबाहेर पडलं की ही जागा आहे. माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं, तीनशेच्या आसपास. ही लोहयुगातली दफनं, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे अडीच हजार वर्षांच्याही मागची. धोंड्यांच्या रिंगणात आत माती-गोट्यांचा भराव, त्यात हाडं, लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी मडकी. काही वर्तुळांत घोड्याची हाडं मिळाली. इथून जवळच्याच माहूरझरीला, शां. भा. देवांनी नागपूर विद्यापीठातर्फे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं, तिथे घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. पारशिवनीकडे नायकुंडला तर त्या लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. घोडा, लोखंड, दागिने, आणि मेलेल्यासाठी एवढे धोंडे ओढण्याची ऐपत, असे हे लोक होते.

या वर्तुळांनी एक बळीही घेतला आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी आणि भूगर्भाचे अभ्यासक. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची वर्तुळं बघायला ते गेले होते, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलही तिकडे होते. रात्री परतताना नाल्याला पूर होता. घोडा एकटाच परत आला. पुढे रिव्हेट-कर्नाक या अधिकाऱ्यानं जुनापाणीची वर्तुळं उकरून 1879 मध्ये त्यावर लिहिलं, आणि 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी नीट शास्त्रशुद्ध खोदकाम केलं.

मला तिथे जाणवलं ते वेगळंच. हीही वर्तुळं माळावर, खडकाळ जमिनीवरच. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसं चांगली माती सोडून मेलेल्यांना बरडावरच नेत होती? तसं असेलही. पण दुसरीही एक शक्यता आहे आणि ती फार सतावते: वर्तुळं काळ्या मातीतही असतील, पण ती नांगरानं खाल्ली. धोंडे उचलून धुऱ्यावर टाकले, विहिरीला लावले, आणि जिथे नांगर चालतच नव्हता तेवढीच वर्तुळं आपल्यापर्यंत पोचली. उरलं त्यावरून आपण 'त्यांनी असं निवडलं' म्हणतो. निवडलं कोणी, त्यांनी की नांगरानं?

हीच शंका आपल्या वावरावर आणून ठेवा. आमच्या घराण्याला सात पिढ्या झाल्या म्हणतात. सात पिढ्यांची माणसं सात चौथऱ्यांत कशी मावतील? मोरंडाच्या तुकड्यात, नाल्याच्या अंगाला, एक चपटा पाट्यासारखा दगड दर दोन-तीन वर्षांनी फाळाला लागायचा. शेवटी कोणीतरी तो काढून गोठ्यात पायरी केला. त्यावर पावलं कोरलेली आहेत, हे मी या वर्षी पाहिलं. समाधीवर पादुका कोरण्याची रीत असते. आम्ही त्या पायरीवर पाय देऊन पन्नास वर्षं म्हशी बांधल्या.

दगड बोलतो, पण कमी

लेख असलेला दगड मिळाला तर नशीब. मिळाला तर त्याला घासू नये, तेल लावू नये, आणि ऑइल पेंट तर मुळीच नाही, कारण रंग अक्षरांच्या खाचा भरून टाकतो. सकाळी सात-साडेसातला किंवा सूर्य कलताना जावं. ऊन तिरपं पडलं की झिजलेल्या खाचेतही सावली धरते. नाहीतर आरसा घेऊन बाजूनं उजेड फेकावा. साध्या पाण्यानं दगड ओला केला तरी कधीकधी अक्षरं उमटतात. मोबाइलमध्ये वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून घरी बसून जुळवावे. मैदानात उभं राहून 'वाचलं' ते निम्मं आपल्याला हवं तेच असतं.

सनावळीत लोक हमखास चुकतात. दगडावर शके असेल तर 78 मिळवा. पण शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत, म्हणून मृत्यू जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळातला असेल तर 79. गोसाव्यांचा उत्तरेशी संबंध, त्यामुळे संवतही आढळतो; त्यातून 57 वजा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 56. महसुली कागदावर फसली सन असतो. त्यात प्रांतागणिक 590 ते 593 मिळवायचे.

संवत्सराचं नाव असेल तर तेही उपयोगी, कारण आकडा झिजतो पण नाव लांबलचक असल्यामुळे थोडं तरी उरतं. साठ संवत्सरांचं चक्र आहे. शकात 12 मिळवा, 60 नं भागा, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं नाव. समजा दगडावर फक्त 'हेमलं' एवढंच वाचता येतं. हेमलंबी हे एकतिसावं संवत्सर. शके 1819 घेतलं तर 1831, त्याला 60 नं भागून बाकी 31, जुळलं. म्हणजे एप्रिल 1897 ते मार्च 1898. पण साठ वर्षं मागे, 1837-38 लाही हेमलंबीच, आणि पुढे 1957-58 लाही. आता तीन उमेदवार. इथे चौथरा कामाला येतो. तो चुन्यात बांधला आहे की सिमेंटमध्ये? भारतात सिमेंटचा कारखाना नीट चालायला लागला तो 1914 मध्ये, पोरबंदरला. त्याआधी घाणीत, म्हणजे चुन्याच्या चक्कीत, मळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळाचा गर. नखानं खरवडलं तर चुना पिठासारखा सुटतो, सिमेंट सुटत नाही. चौथरा अस्सल चुन्याचा असेल तर 1957 बहुधा बाद. राहिले 1837 आणि 1897. 1896-97 हे मध्य प्रांतातल्या मोठ्या दुष्काळाचं साल, 1899-1900 ला दुसरा आला तो त्याहून भयंकर. त्या वर्षांत मेलेल्याला कोणी वालुकाश्म आणून उभा करेल का? करेलही, सावकाराचं घर असेल तर. असं एकाला एक जोडत जायचं. यातून 'पुरावा' तयार होत नाही, पण चुकीच्या गोष्टी गळून पडतात.

गळून पडायला हव्या अशा गोष्टी गावात भरपूर असतात. 'हा चाफा रघुजी भोसल्याच्याही आधीचा' ही त्यातलीच. पांढरा चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा, युरोपियन जहाजांबरोबर आलेला. वावरातलं सीताफळही तिकडचंच. चाफ्याचं वय खोडाच्या जाडीवरून सांगणाऱ्यावर तर विश्वास ठेवूच नये, फांदी खोचली की तो लागतो. दुसरी गोष्ट गुप्तधनाची. गोसावी सावकार होते, म्हणून समाधीखाली हंडा, हे समीकरण लोकांच्या डोक्यातून जात नाही. आमच्या एका चौथऱ्याचा कोपरा एका अमावस्येनंतर उकरलेला मिळाला होता. कोणी केलं ते कळलं नाही. खाली मीठ होतं आणि हाडं होती, दुसरं काय असणार? आणि खरंच काही निघालं तरी 1878 चा निखात निधीचा कायदा आहे: दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

बायकांच्या चौथऱ्यांवर काहीच नसतं. आमच्या सातांत लिंग कोरलेले तीन, ते पुरुषांचे. बाकी चार कोरे. ज्या तीन जागांची नावं आम्हाला सांगता येईनात, त्या तिन्ही कोऱ्यांपैकीच. काकाजींनी सांगितलेल्या चार नावांत एकच बाई, आणि तीही 'मोठ्या बुवाची दुसरी'. तिचं नाव काय होतं, विचारलं तर म्हणाले, "नाव कोण घेत होतं तिचं?"

कोतवाल बुक

जिथे दगड कोरा पडतो तिथे विदर्भात एक फार मोठी सोय आहे. मध्य प्रांतात गावच्या कोतवालाला जन्म-मृत्यू सांगायला पोलीस ठाण्यात जावं लागे. त्याच्या तोंडी सांगण्यावरून नोंद व्हायची. हीच पुढे कोतवाल बुक म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात राहिली. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्या प्रत्येकाला हे नाव पाठ आहे. आपण ते जातीच्या रकान्यासाठी उघडतो आणि बंद करतो. त्याच पानावर तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मरणाचं कारण असतं.

कारण बघून फार अपेक्षा धरू नये. कोतवाल डॉक्टर नव्हता. शंभरातली बहुतेक मरणं 'ताप'. हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर, सगळं एका शब्दात. पण शब्द बोलत नसले तरी तारखांची गर्दी बोलते. 1918 ची ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मी उघडली. एकाखाली एक ताप, ताप, ताप, शाई बदलली तरी शब्द तोच. ही मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. मध्य प्रांत-वऱ्हाडला तिचा तडाखा देशात सगळ्यात जबर बसलेल्या प्रांतांपैकी एक. त्या पानांवर आमच्या घरच्या तीन नोंदी मिळाल्या, नऊ दिवसांत. एक बाई, 'अमक्याची बायको', आणि दोन लेकरं. एका लेकराचं नावच नाही, नुसतं 'मुलगी'.

दोन लहान चौथरे आणि शेजारचा एक कोरा. हे तेच का? छातीठोकपणे नाही सांगता येणार. चौथऱ्यावर तारीख नाही, नोंदीत जागा नाही. पण तीन एका ओळीत आहेत, चुना एकाच घाणीतला दिसतो, आणि एरवी एवढ्या लहान लेकरांना कोणी चौथरा बांधत नाही. नऊ दिवसांत तीन मरणं झाल्यावर वाचलेल्या बापानं बांधला असेल. मी वहीत 'बहुधा' असं लिहून ठेवलं आहे. पुतण्याला तो शब्द आवडला नाही.

मालगुजार गेला तेव्हा काय झालं

आता जमिनीच्या मालकीचा गुंता. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला तो चटकन कळत नाही, कारण तिकडे मालगुजारी नव्हती. रघुजी तिसरे डिसेंबर 1853 मध्ये वारले, कंपनीनं राज्य खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात गावच्या पाटलाला किंवा वसुली करणाऱ्याला गावाचा मालकच करून टाकलं. तो मालगुजार. गावातली पडीत, झुडपी जंगल, तलाव, गोचर, सगळं त्याचं. त्याच्या घरच्या शेतीला सीर आणि खुदकाश्त. बाकी कुळं. गावाच्या रिती, वाटा, वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात.

तुमची समाधीची जागा या चौकटीत कुठे होती यावर पुढचं सगळं ठरलं. मालगुजाराच्या पडीत जमिनीवर असेल तर ती त्याच्या मर्जीवर, किंवा रिवाजावर. मध्यप्रदेशच्या 1950 च्या कायद्यानं 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. सीर-खुदकाश्त घरधन्याकडे राहिली, पण पडीत, जंगल, तलाव सरकारजमा झाले. त्या पडीतावर ज्यांचे आजे-पणजे निजले होते त्यांच्या समाध्या एका दिवसात सरकारी जमिनीत आल्या, आणि कित्येकांना ते अजूनही माहीत नाही. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पुढे 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला तेव्हा विदर्भाच्या जुन्या दोन वस्तू त्यात जपल्या गेल्या: कलम 161 चं निस्तार पत्रक आणि कलम 165 चं वाजिब-उल-अर्ज. सरकारी जमिनीवर गावकऱ्यांनी कुठे गुरं चारायची, कुठे लाकूड घ्यायचं, कुठे पुरायचं-जाळायचं, ते निस्तार पत्रकात बघावं. कलम 22 खाली कलेक्टर अशी जमीन दफनभूमीसाठी राखूनही ठेवू शकतो.

जागा आमच्यासारखी स्वतःच्या खसऱ्यात (जमिनीच्या नंबरात) असेल तर कागदावर तिचं एकच रूप: पोटखराब. त्याचे दोन वर्ग. 'अ' म्हणजे जमीनच लागवडीला नालायक किंवा खळं, गोठा. 'ब' म्हणजे दुसऱ्या कारणानं आकारणीतून सोडलेली: रस्ता, लोक वापरतात तो नाला-तलाव, आणि दफनाची किंवा दहनाची जागा. सातबाऱ्यावर कुठल्या वर्गात चार आर दाखवले आहेत ते नक्की बघा. आमचे 'अ' मध्ये आहेत. म्हणजे सरकारच्या लेखी आमचे पूर्वज ही वाईट माती आहे.

कायदा मेलेल्याला काय देतो

फार थोडं. देवाच्या मूर्तीला कायद्यानं मालमत्ता धरता येते, देवस्थानाची जमीन असते. समाधीचं तसं नाही. 1953 मध्ये मद्रासकडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नवऱ्याच्या समाधीच्या पूजेसाठी कायमची मालमत्ता लावून देणं हा हिंदू कायद्यात वैध धर्मादाय होत नाही. त्यामुळे 'ही जागा समाधीच्या नावे करू' हा काकाजींचा विचार वकिलानं पाच मिनिटांत खोडला. चार आर वारसांचेच, आणि वारस म्हणजे 1956 च्या कायद्यानं आणि 2005 च्या दुरुस्तीनं आत्यांसकट सगळे. दोन पिढ्यांत माणशी किती फूट येतं, त्याचा हिशोब आम्ही गंमत म्हणून केला आणि सोडून दिला.

समाधीत मुद्दाम घुसून नासधूस करणं हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेचं कलम 297, आता न्याय संहितेचं 301. पण त्यात भावना दुखवण्याचा हेतू, किंवा त्या दुखावतील याची जाणीव, सिद्ध करावी लागते. वावर विकत घेतलेला माणूस म्हणेल, मी तर लेआउट पाडत होतो. शहर ज्या वेगानं हिंगण्याकडे, कळमेश्वरकडे सरकतंय, त्यात खरी भीती याचीच आहे. गंमत बघा, जुनापाणीसारख्या संरक्षित जागेभोवती शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अनोळखी घराण्याला हे मिळतं. आजोबांना नाही.

उपयोगी पडतं ते आधीच लिहून ठेवलेलं. वाटणीपत्रात किंवा विक्रीपत्रात चतुःसीमेसह 'समाधीची जागा आणि तिथे जाण्याचा रस्ता वगळून' असं स्पष्ट लिहावं, नकाशा जोडावा, आणि इतर हक्कांच्या रकान्यात नोंद मागावी. रस्ता वेगळा लिहिणं महत्त्वाचं. जागा राखली आणि वाट गेली, अशी उदाहरणं कमी नाहीत. सुखाधिकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वापरण्यासारख्या हक्कांचा) 1882 चा कायदा आपल्या मध्य प्रांताला पहिल्याच दिवसापासून लागू होता, मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये मिळाला. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्कानं वापरलेल्या वाटेचा दावा त्यात करता येतो. पण दावा म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे पुन्हा वीस वर्षं.

आमची वाटणी या उन्हाळ्यात झाली. चार आर सामाईक ठेवले, गोठ्यातली पायरी काढून चाफ्याखाली नेली. पांदणीपासूनचा रस्ता किती रुंद लिहायचा यावर मात्र दोन तास गेले. चुलतभाऊ म्हणत होता तीन फूट पुरे, नाहीतरी वर्षातून दोनदा कोण जाते. काकाजी ऐकायला तयार नव्हते. "आपला माणूस बसवून नेतात बापा, आडवा नाही," ते म्हणाले, "दोन्ही बाजूनं दोन-दोन जण चालले पाहिजेत." आठ फूट लिहिलं.